मेंढवाडा : एका शब्दाचा मागोवा

पुनरुत्थानकाळातील चौथ्या रविवारी योहानलिखित शुभवर्तमानाचा दहावा अध्याय आपण ऐकतो. त्यातील 'मेंढवाडा' हा शब्द इतका कानवळणी पडला आहे की, त्याच्या अर्थाकडे आपले लक्षच जात नाही.

मूळ ग्रीक शब्द आहे 'औले'. भिंतींनी वेढलेले, वरून मोकळे अंगण, असा त्याचा अर्थ. अठराव्या अध्यायात प्रमुख याजकाच्या निवासातील अंगणालाही योहान हाच शब्द योजतो. तेथेही दार आहे, दारावर राखण आहे; आणि तेथेच पेत्र आपल्या मेंढपाळाला नाकारतो. मराठीतील 'वाडा' हे दोन्ही अर्थ सहज पेलतो. सरदाराचा तो वाडा आणि मेंढरांचाही वाडाच. या दृष्टीने 'मेंढवाडा' ही आपल्या भाषांतरकारांची निवड मोठी समर्पक म्हणावी लागेल.

गफलत होते ती पुढे, सोळाव्या वचनापाशी. या वाड्यातील नसलेली आपली आणखी मेंढरे आहेत, असे सांगून प्रभू ज्या ऐक्याचे अभिवचन देतो, तेथे 'औले' नाही. तेथे 'पोइम्ने', म्हणजे कळप, हा शब्द आहे. लॅटिन वुल्गाताने मात्र दोन्ही ठिकाणी 'ओव्हिले', म्हणजे मेंढवाडाच, लिहिले. १३०२ साली पोप आठवे बोनिफेस यांनी 'उनाम सांक्ताम' या आज्ञापत्रात तेच रूप आधाराला घेतले. १९७९ च्या नव्या वुल्गाताने ते सुधारून 'ग्रेक्स', म्हणजे कळप, असे केले. आपल्या मराठी बायबलातही तेथे 'कळप'च आहे. तरीही आपल्या प्रवचनांतून 'एकच मेंढवाडा' ऐकू येतो. मी स्वतः तसे अनेकदा बोललो आहे.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. पावसाळा सरल्यावर मेंढरे घेऊन निघणारे आपल्याकडील धनगर पाहावेत. आज एका शेतात मेंढरे बसवायची, रानाला खत द्यायचे, मग वाडा उचलून पुढच्या शेतात न्यायचा. वाड्याची जागा बदलते. कळप एकच राहतो, कारण हाकेचा आवाज एकच असतो. वाडा कुंपणाने ठरतो, कळप मेंढपाळाने. कुंपणच सर्वस्व मानले, की मेंढवाड्याचा कोंडवाडा व्हायला वेळ लागत नाही.

योहानाने हा दृष्टान्त कोठे ठेवला, हेही ध्यानी घ्यावे. नवव्या अध्यायाच्या अखेरीस दृष्टी लाभलेल्या माणसाला धर्माधिकारी बाहेर घालवतात. दहाव्यात मेंढपाळ आपल्या मेंढरांना बाहेर काढतो. ग्रीकमध्ये दोन्हीकडे क्रियापद एकच! एकाने हाकलले, दुसऱ्याने चरायला नेले.

मग 'मेंढवाडा' हा शब्द टाकून द्यावा काय? मुळीच नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेला मेंढवाडा आणि कळप अशी दोन्ही नावे दिली. मात्र त्या वाड्याचे एकमेव दार ख्रिस्त आहे, हे बजावून. रात्री आसरा हवाच, लांडगाही खोटा नाही. पण दार आपण नव्हे.

दुसऱ्या पंथात विवाह करून गेलेल्या लेकीसाठी एखादी माऊली प्रार्थना मागते, तेव्हा "ती आपल्या वाड्यातून गेली" असे आपण चटकन म्हणतो. त्या लेकीला मेंढपाळाची हाक अजून ऐकू येत असेल, तर ती कळपातून गेली असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?