लिंबागणेशचा ‘ल’ आणि ब्राउझरची साक्ष

आज मी थोडा माझ्या हद्दीबाहेर शिरतोय. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, संगणक हाती आला तो निवृत्तीनंतर. तेव्हा तांत्रिक चूक सापडली तर शेवटी बिनधास्त कान धरा.

बीड जिल्ह्यातलं लिंबागणेश तुमच्यापैकी पुष्कळांना भालचंद्र गणपतीमुळे ठाऊक असेल. तिथल्या एका मुलाने गावाच्या माहितीचं वेबपान केलं. त्याच्या लॅपटॉपवर गावाचं नाव झकास दिसायचं, पाकळीचा ‘ल’, देठाचा ‘श’. तेच पान वडिलांनी मोबाइलवर उघडलं तर ‘ल’ दांडीचा आणि ‘श’ हिंदी पुस्तकातला. वडील म्हणाले, “हे आपलं नाव नव्हं, कुणीतरी दुसऱ्यानंच लिहिलंय.” आता योगायोग बघा, ज्या दोन अक्षरांचं मराठी वळण वेगळं, ती दोन्ही या एका गावाच्या नावात आहेत. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’च प्रमाण मानला आहे. पण युनिकोडमध्ये दोन्ही वळणांच्या ‘ल’ला क्रमांक एकच. वळण ठरतं ते फॉन्टमध्ये.

मुलाने मग ब्राउझरलाच विचारलं. कसं विचारलं, तोच आजचा विषय.

पानाचं रूप, म्हणजे अक्षर कुठलं, रंग कुठला, अंतर किती, हे मजकुरापासून वेगळं लिहून ठेवायचं, ही स्टाइलशीटची कल्पना. होकॉन विउम ली यांनी ती १९९४ मध्ये मांडली, १९९६ च्या डिसेंबरात तिचं पहिलं प्रमाण आलं. पण स्टाइलशीट हा शेवटी मजकूरच. प्रोग्रामला तो वाचता-बदलता यावा म्हणून १३ नोव्हेंबर २००० रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ‘डॉम लेव्हल २ स्टाइल’ प्रसिद्ध केलं. आज त्याच कामाला सीएसएसओएम म्हणतात. यात स्टाइलशीट ही एक वस्तू होते. तिच्या पोटात नियमांची क्रमवार यादी असते. प्रोग्राम त्यात नियम घालू शकतो, काढू शकतो. शिवाय पानावरच्या कुठल्याही घटकाला ‘तुझं गणित करून काय मूल्य निघालं?’ असंही विचारता येतं.

रचना देखणी आहे, यात वाद नाही. माझी तक्रार वेगळी आहे. हा इंटरफेस आपण लिहिलेलं दाखवत नाही, ब्राउझरला समजलेलं दाखवतो. तुम्ही लिहिलं ‘रेड’, गणित केल्यावर उत्तर मिळतं २५५, ०, ०. एखाद्या गुणधर्माचं नाव चुकवलं तर ती ओळ यादीत सापडतच नाही, जणू लिहिलीच नव्हती. आणि टिपा? ‘हा फॉन्ट बदलू नका, याच्यात आपला ल आहे’ अशी टीप लिहिणाऱ्याने घातली, तर प्रोग्रामच्या हाती येणाऱ्या नियमांत ती नसते. नियम उरतो, नियमामागचं कारण गळून पडतं. एखाद्या घटकावर चार नियम भांडत असतील तर जिंकलेलं मूल्य कळतं, पण कुठल्या नियमाने जिंकलं ते विचारायची प्रमाण सोय नाही. न्यायाधीशाने निकाल सांगावा आणि निकालपत्र द्यायला नकार द्यावा, तसं काहीसं.

आता मुलाच्या प्रश्नाकडे येतो. त्याने दोन्ही यंत्रांवर फॉन्ट-फॅमिली विचारली. दोन्हीकडून अक्षरशः एकच उत्तर आलं, त्यानेच लिहिलेली फॉन्टच्या नावांची यादी! त्या यादीतल्या कुठल्या फॉन्टने प्रत्यक्ष अक्षर काढलं, की फोनने आपलाच फॉन्ट पुढे सरकवला, यावर इंटरफेस गप्प. डोळ्यांना दोन वेगळी नावं दिसत होती आणि साक्षीदार म्हणत होता, दोन्ही सारखीच आहेत. नैयायिकांच्या भाषेत सांगायचं तर इथे शब्द मिळतो, अनुमानही मिळतं. प्रत्यक्ष मात्र हाती लागत नाही.

गंमत म्हणजे ब्राउझरला ते माहीत असतं. दुरुस्तीसाठी दिलेल्या त्याच्याच खिडकीत वापरलेला फॉन्ट दिसतो. फक्त पानातल्या प्रोग्रामला तो सांगत नाही. आणि न सांगण्यामागे खरं कारण आहे, ते मी नाकारत नाही. कुणाच्या यंत्रात कुठले फॉन्ट आहेत यावरून ती व्यक्ती ओळखता येते. याहून पुढची गोष्ट ऐका. आधी उघडून पाहिलेल्या दुव्याचा रंग विचारला तर ब्राउझर जाणूनबुजून न पाहिलेल्याचा रंग सांगतो, म्हणजे तुम्ही कुठे कुठे फिरलात हे पानाला कळू नये. धर्मराजाचं ‘नरो वा कुंजरो वा’ निदान पुटपुटलेलं तरी होतं. इथे सरळ खोटं आहे, आणि मला ते मान्य आहे.

पण लिंबागणेशच्या बाबतीत ही ढाल पुरत नाही. पानाने स्वतःच पाठवलेला फॉन्ट असेल, तर त्यातून मराठी वळण लागलं का, एवढं सांगण्याने वाचणाऱ्याचं कुठलं गुपित फुटतं? अनेक देवनागरी फॉन्टांत दोन्ही वळणं असतात आणि पानाची भाषा पाहून त्यातलं एक निवडलं जातं. ही निवड डोळ्यांना दिसते, उत्तरात उमटत नाही. ज्यांच्या लिपीत एका अक्षराला एकच वळण, त्यांना ही उणीव जाणवायचं कारण नाही. आपल्याला जाणवते. सर्बियन लोकांनाही जाणवत असावी, कारण त्यांच्या काही सिरिलिक अक्षरांचं तिरकं वळण रशियनपेक्षा निराळं आहे.

त्या मुलाची चूक शेवटी स्टाइलशीटमध्ये नव्हतीच. त्याने कुठला तरी हिंदी नमुना उचलला होता, त्यात वरच भाषा ‘एचआय’ लिहिलेली. ती ‘एमआर’ केली आणि मराठी वळण असलेला फॉन्ट पानासोबतच पाठवला. मग वडिलांच्या फोनवर पाकळीचा ‘ल’ आला. इंटरफेसला पुन्हा विचारलं तेव्हा भाषा बदलल्याचा मागमूसही फॉन्ट-फॅमिलीच्या उत्तरात नव्हता. नाव बरोबर आलं, हे ठरवलं वडिलांनी, चष्मा लावून.

बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ.