निदानानंतरची गोष्ट

मराठी वाङ्मयाला आजाराचे वावडे कधी नव्हते. प्लेगच्या वर्षांनी ओस पाडलेल्या घरांच्या आठवणी आपल्या आत्मचरित्रांतून विखुरलेल्या आहेत. क्षयाने खंगणारी नायिका जुन्या कादंबरीत ठरलेलीच असे. कुष्ठरुग्णांच्या सहवासात मांडलेल्या संसाराचे दर्शन साधनाताई आमटे यांच्या 'समिधा'ने घडविले, तर पद्मजा फाटक यांनी स्वतःच्या मूत्रपिंडाच्या विकाराची हकीकत 'हसरी किडनी'त मिस्कीलपणे सांगितली. रोग्याने स्वतःचे नाव लावून, घरच्यांची नावे घेऊन, दवाखान्याच्या फेऱ्यांसह आजाराची गोष्ट सांगावी आणि वाचकाने ती आपल्याच नात्यातल्या माणसाची समजून वाचावी, ही परंपरा आपल्याकडे चांगली रुजलेली आहे. एच.आय.व्ही.पाशी येऊन मात्र ती अडखळते. या संसर्गाचे निदान झालेल्या माणसाचे आत्मकथन आपल्या घरच्या कपाटात सहज हाती लागत नाही. मराठी घरांत हा विषय आला तो बहुतांशी हिंदी चित्रपटांच्या वाटेने. म्हणून साहित्याच्या या व्यासपीठावर तीन चित्रपटांचा विचार करण्यास वाचकांची हरकत नसावी.

भारतात या विषाणूचा पहिला शोध १९८६ साली चेन्नईत लागला. त्यानंतर तीन वर्षांनी, १९८९ मध्ये, सुसान सोन्टॅग या अमेरिकन लेखिकेने 'एड्स अँड इट्स मेटाफर्स' हे छोटेखानी पुस्तक लिहिले. रोगापेक्षा रोगाभोवतीची रूपके माणसाला अधिक छळतात, हे तिचे म्हणणे. 'महामारी', 'आक्रमण', 'पापाचे फळ' असे शब्द एकदा चिकटले की रोगी हा रोगी राहत नाही. तो दोषी ठरतो. हे सूत्र हाती धरून आपल्या कथांकडे पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. या कथांना दोनच प्रश्नांत रस असतो. पहिला, 'हे झाले कसे?' आणि दुसरा, 'शेवट काय झाला?' या दोहोंच्या मधला प्रश्न म्हणजे 'उद्या सकाळपासून जगायचे कसे?' नुकताच अहवाल हाती पडलेल्या माणसाला नेमका तोच प्रश्न पडलेला असतो, आणि कथा त्याला सहसा स्पर्श करीत नाही.

महेश मांजरेकर यांचा 'निदान' २००० साली आला. भाषा हिंदी, पण घर मराठी मध्यमवर्गीय. आईवडिलांच्या भूमिकांत शिवाजी साटम आणि रीमा. लेकीला रक्त चढविताना संसर्ग झालेला. आपल्या प्रेक्षकाने ही गोष्ट मनापासून स्वीकारली असणार, कारण दोष कोणाचाच नाही. पण याच ठिकाणी समीक्षकाने थांबायला हवे. रक्ताच्या पिशवीतून संसर्ग झाला की डोळ्यांत पाणी, अन्य मार्गाने झाला की मान फिरवायची, अशी वर्गवारी प्रेक्षकाच्या मनात आधीच होती. 'निदान'ने ती मोडली नाही, तिच्या सोयीचे पात्र निवडले. करुणेला निर्दोषत्वाचा दाखला लागत असेल, तर ती करुणा नव्हे; तो निकाल आहे, एवढेच की आरोपीच्या बाजूने लागलेला.

ओनिर यांचा 'माय ब्रदर... निखिल' मार्च २००५ मध्ये प्रदर्शित झाला, आणि त्याने हा दाखला मागितलाच नाही. निखिल हा गोव्याचा जलतरणपटू. त्याचे प्रेम नायजेल या तरुणावर आहे, आणि चित्रपट ते लपवीत नाही, त्याचा गाजावाजाही करीत नाही. माणसे कॅमेऱ्याकडे पाहून निखिलविषयी बोलतात आणि त्या बोलण्यातून एक आयुष्य उलगडते. संजय सुरी, जुही चावला, पूरब कोहली या तिघांनी आवाज न चढविता कामे केली आहेत. मराठी रसिकाला ही संयत पद्धत आपलीशी वाटावी.

या कथेला गोव्यातील एका खऱ्या माणसाच्या आयुष्याचा आधार आहे. डॉमिनिक डिसोझा हा वन्यजीव संरक्षणाच्या संस्थेत काम करणारा तरुण, नेमाने रक्तदान करणारा. दान केलेल्या रक्ताच्या तपासणीतून त्याचा संसर्ग उघडकीस आला. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्याला बोलावून घेतले आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातील तरतुदीनुसार वापरात नसलेल्या एका क्षयरोग रुग्णालयात पहाऱ्यात ठेवले. तेथे त्याने ६४ दिवस काढले. मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठापुढे याचिका गेली. डॉमिनिक घरी परतला, पण त्याच वर्षाअखेर लागलेल्या निकालात न्यायालयाने विलगीकरणाची तरतूद वैध ठरविली. १९९२ मध्ये त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था सुरू केली, आणि त्याच वर्षी त्याचे निधन झाले.

चित्रपटाने या वास्तवात केलेला एक बदल मला फार महत्त्वाचा वाटतो. चित्रपटात आईवडील निखिलकडे पाठ फिरवितात आणि लढतात ते बहीण व नायजेल. आईवडिलांना उपरती होते ती उशिरा. प्रत्यक्षात मात्र न्यायालयात गेली होती ती आई. विधिग्रंथांत हा खटला लुसी डिसोझा यांच्याच नावाने नोंदला गेला आहे. आईचे धैर्य बहिणीकडे सोपविल्याने चित्रपटाला पश्चात्तापाचा एक हृद्य प्रसंग मिळाला, हे मान्य. पण त्यापायी अधिक दुर्मीळ काही गमावले. मुलाच्या आजाराचे कारण न विचारता सरकारविरुद्ध उभी राहणारी आई आपल्या पडद्याने क्वचितच पाहिली आहे. मायबाप आधी नाकारणार आणि मग रडणार, हा साचा इतका पक्का आहे की वास्तवातील आईने तो मोडला असतानाही कथेने तो पुन्हा बसविला. नव्याने निदान झालेला मुलगा हा चित्रपट पाहून घरी सांगण्याचे धाडस करील, की आणखी गप्प बसेल? कलाकृतीचे मोल केवळ या प्रश्नाने ठरत नाही. तरी हा प्रश्न टाळून ठरवू नये, असे वाटते.

रेवती दिग्दर्शित 'फिर मिलेंगे' २००४ चा. जाहिरात क्षेत्रातील तमन्ना बहिणीसाठी रक्त द्यायला जाते आणि तेथेच तिला स्वतःच्या संसर्गाचा पत्ता लागतो. डॉमिनिकप्रमाणेच येथेही देण्याच्या कृतीला उत्तर म्हणून तो अहवाल येतो. कामात हलगर्जीपणा झाल्याचे कारण पुढे करून कंपनी तिला काढते आणि ती न्यायालयात जाते. शिल्पा शेट्टीने तमन्नाची घुसमट चांगली पेलली आहे. आजार आणि रोजगार यांची गाठ घालून दाखविणारा हा चित्रपट म्हणून त्याचे महत्त्व आहेच. पण नायिका सुस्थितीतील आहे. त्यामुळे नोकरी जाणे हा तिच्या मानाचा प्रश्न होतो, महिन्याच्या खर्चाचा होत नाही. घरभाडे, तपासण्यांचे बिल, संपत आलेली रजा यांना पटकथेत जागा नाही.

त्या आधी, १९९७ साली, मुंबई उच्च न्यायालयात याच प्रश्नाचा एक खरा खटला झाला होता. तेथे लढणारा एका सार्वजनिक उपक्रमातील हंगामी मजूर होता. तपासणीत संसर्ग आढळला म्हणून त्याचे काम थांबविले गेले. काम करण्यास समर्थ असलेल्या आणि इतरांना धोका नसलेल्या माणसाला केवळ संसर्गाच्या कारणाने कामावरून दूर करता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. निकालात त्याचे नाव नाही, केवळ इंग्रजी अक्षरे आहेत; कंपनीलाही अक्षरेच. त्या अक्षरांमागे मला न लिहिली गेलेली कादंबरी दिसते. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला लढण्यासाठी प्रथम नाव झाकावे लागले. न्याय मागायचा तर ओळख लपवायची, आणि ओळख लपवायची तर शेजाऱ्याकडे उसने मागताना खोटे कारण सांगायचे!

माझ्या मते आपल्या कथांतून सुटलेला धागा तो हाच. मनाचे दुःख आणि पैशाची ओढाताण यांना आपण दोन वेगळ्या गोष्टी समजतो. या आजारात त्या एकच असतात, कारण दोहोंच्या मुळाशी गुप्तता आहे. ज्याला कोणाला सांगता येत नाही, त्याला रजेचे कारण देता येत नाही. तो ओळखीचे रुग्णालय टाळून दूरच्या गावी जातो आणि दर खेपेस प्रवासखर्च व एक दिवसाची कमाई गमावतो. जे सरकारी केंद्रात फुकट मिळते, ते रांगेत कोणी पाहील या भीतीने तो पदरमोड करून विकत घेतो. भावाकडे पैसे मागत नाही, कारण मागितले तर कशासाठी ते सांगावे लागेल. भीतीची किंमत अशी रुपयांत चुकती होते, आणि कर्ज वाढले की भीतीही वाढते. एखाद्या चांगल्या कादंबरीकाराला एवढ्या सामग्रीवर तीनशे पाने लिहिता यावीत.

वास्तव मात्र कथांच्या फार पुढे गेले आहे. एकेकाळी तीन औषधांच्या एकत्रित उपचाराला माणशी वर्षाला दहा हजार डॉलरांहून अधिक खर्च येई. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्ला या भारतीय कंपनीने तोच उपचार वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केला. १ एप्रिल २००४ पासून अधिक प्रादुर्भावाच्या सहा राज्यांत व दिल्लीत सरकारी रुग्णालयांतून ही औषधे मोफत मिळू लागली. महाराष्ट्र आणि कर्नाटक त्यात होते, मध्य प्रदेश, गुजरात व गोवा नव्हते. पुढे ही सोय देशभर पोचली. २०१७ पासून निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. नियमित औषधे घेणाऱ्याच्या रक्तात विषाणूंचे प्रमाण इतके घटू शकते की ते चाचणीत सापडत नाहीत, आणि ते तसे टिकून राहिले तर शरीरसंबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या केंद्रीय कायद्याने नोकरीसाठी ही चाचणी सक्तीची करण्यास आणि नोकरी, शिक्षण, भाड्याचे घर यांत भेदभाव करण्यास मनाई केली आहे. संमतीवाचून कोणाची स्थिती उघड करण्यावर निर्बंध घातले आहेत. विमाशास्त्रीय अभ्यासाचा आधार नसताना विमा नाकारणेही त्यात निषिद्ध आहे.

'निखिल' पाहून प्रेक्षक चित्रगृहाबाहेर पडला तेव्हा मोफत औषध सुरू होऊन जवळजवळ वर्ष झाले होते. कथा आधीच्या दशकातली असल्याने नायकाचा मृत्यू हा चित्रपटाचा दोष नाही. परंतु आपल्या सामूहिक स्मरणात ती शेवटची कथा ठरली, हा आपला दोष होय. रोग आज आयुष्यभराच्या औषधावर येऊन थांबला आहे. आपल्या मनातली गोष्ट अजून १९९४ सालातच मरते आहे.

आणि येथे आपल्यासारख्या वाचकांचा संबंध येतो. होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या दौलतींबरोबर आलेली आपली घराणी, गोव्यातली देवळांभोवतीची कुटुंबे, बेळगावच्या सीमाभागातील गणगोत. या सर्वांनी परमुलखात भाषा टिकविली ती एकमेकांना धरून. इंदूरच्या मुलीचे स्थळ वडोदऱ्यास, ग्वाल्हेरच्या मुलाची मावशी हैदराबादेत. ही वीण आपले बळ आहे, पण हीच वीण बातमी वेगाने पोचविते. ज्या समाजात प्रत्येक जण प्रत्येकाचा कोणी ना कोणी लागतो, तेथे गुपित महाग असते. 'घरची गोष्ट घरात' ही आपली म्हण कित्येकदा घरातल्याच एका माणसाला घराबाहेर ठेवते. पती गेल्यावर स्वतःही बाधित असल्याचे कळलेली आणि सासरच्या वाट्यास मुकलेली स्त्री आपल्या वस्तीत नसेलच, असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये.

साहित्याने आरोग्यखात्याची पत्रके लिहावीत, असे मी म्हणत नाही. उपदेशाने बुडालेल्या एकांकिका आपण पुष्कळ पाहिल्या. साहित्याचे काम वेगळे आहे. जे बोलण्यास शब्द नाहीत, त्यासाठी ते शब्द तयार ठेवते. निदान झाल्याच्या संध्याकाळी जो माणूस जेवणाच्या पाटावर बसतो आणि 'आज भूक नाही' एवढेच म्हणतो, त्याला पुढचे वाक्य सुचावे म्हणून कोणीतरी ते आधी लिहून ठेवलेले असावे लागते. ऐकणाऱ्या बहिणीलाही 'कसे झाले?' याऐवजी 'औषध कधी सुरू करायचे?' हा प्रश्न सुचावा लागतो. असे प्रश्न माणसे पुष्कळदा कथांतूनच शिकतात.

म्हणून येत्या काळातील मराठी लेखकाकडे मागणे आहे ते अशा कथेचे, जिच्यात मृत्यू नाही, न्यायालय नाही. असेल तर महिन्यातून एकदा औषधासाठी मागितलेली अर्ध्या दिवसाची रजा, डायरीत मांडलेला हिशेब, कोणाला सांगावे याची मनात केलेली आणि पुन्हा खोडलेली यादी, आणि त्या यादीत अखेर उरलेले एक नाव. आपल्या भाषेत 'निदान' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक रोगाची ओळख, दुसरा 'कमीत कमी'. पहिल्या अर्थाची गोष्ट आपण ऐकली. दुसऱ्या अर्थाने पाहता मागणी फार मोठी नाही. त्या यादीत निदान एक नाव उरावे, आणि ते आपले असावे.