दिव्यापलीकडच्या नाइटिंगेलबाई

शाळेच्या भिंतीवरच्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल हातात दिवा घेऊन स्कुटारीच्या रुग्णालयातच थांबलेल्या असतात. क्रिमियन युद्ध १८५६ मध्ये संपले. बाई १९१० पर्यंत जगल्या. मधल्या काळाचा हिशेब त्यांच्या पत्रांत सापडतो. लिन मॅकडोनल्ड यांच्या संपादनाखाली निघालेल्या समग्र लेखनाच्या १६ खंडांपैकी नववा (२००६) व दहावा (२००७) हिंदुस्थानला वाहिलेले आहेत.

बाई या देशात कधीच आल्या नाहीत. १८५९ च्या शाही आयोगासाठी लष्करी छावण्यांकडे प्रश्नावल्या गेल्या आणि आलेल्या उत्तरांचे ढीग त्यांनी घरी बसून उपसले. १८६३ च्या अहवालात गोऱ्या सैनिकांचे मृत्यू वर्षाला हजारी ६९ दिसले. कारणे होती घाण पाणी, तुंबलेला मैला, दाटीच्या बराकी. १८७३ च्या लेखात त्या हा आकडा १८ वर आल्याचे सांगतात. इथे शिक्षकाने जरा थांबावे. पहिला आकडा दीर्घकाळाची सरासरी, दुसरा अलीकडचा. अशा तुलनेतून सारे श्रेय गटारांना देता येईल का? विद्यार्थ्यांना हे जरूर विचारावे. आलेखांबाबत मात्र बाई काटेकोर होत्या. त्रिज्या मृत्यूंच्या प्रमाणात घेतली, तर दुप्पट मृत्यू क्षेत्रफळाने चौपट दिसतात. सुरुवातीच्या आलेखातली ही चूक त्यांनी स्वतः दुरुस्त केली आणि १८५८ च्या प्रसिद्ध पाकळ्यांत क्षेत्रफळ हेच माप धरले.

रोग स्पर्शाने किंवा जंतूंनी पसरतो, हे त्यांना बराच काळ पटत नव्हते. भक्तांना हे अडचणीचे वाटते; मला तेच सर्वांत शिकण्याजोगे वाटते. उपाय बरोबर, कारणमीमांसा अपुरी, असे विज्ञानात घडते. पुढे त्यांचे मत बदलले. व्याख्यात्यांनी खेडुतांना दूषित पाण्यातले जीव जादूच्या कंदिलाने दाखवावेत, असे त्या सुचवू लागल्या.

पुणे सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. विषय ग्रामस्वच्छतेचा. मुंबई इलाख्याचा ग्रामस्वच्छता कायदा १८८९ चा. पण कायद्यामागे पैसा कुठून येणार? गावाकडून घेतलेल्या करातला वाटा आधी गावाच्या स्वच्छतेसाठी राखा, असा आग्रह त्यांनी धरला. ही पत्रे दिव्याच्या चित्रापेक्षा कितीतरी मोलाची आहेत.

खंडांची उणीव एकच, पण मोठी. बोलतात त्या बाई; ज्यांच्या विहिरीविषयी हे सारे चालले आहे, तो खेडूत त्यांत जवळजवळ मुका आहे. शिवाय हे जाडजूड इंग्रजी ग्रंथ आपल्या शाळांपर्यंत पोचणार कसे? निवडक पन्नास पत्रे मराठीत यायला हवीत. कांजूरमार्गच्या कचराभूमीचा वाद न्यायालयात गेलेला ज्या मुलांनी घरी ऐकला आहे, त्यांना पाणी, मैला आणि कर यांचा संबंध फोडून सांगावा लागणार नाही.