खोक्यावर लिहिलं, ‘लेसर प्रिंटर’

‘वापरणाऱ्यांना अगदी सुरुवातीपासून सामील करून घ्या.’ कामाच्या ठिकाणच्या सॉफ्टवेअरवर संशोधन करायचं ठरवलंत, की हे वाक्य तुम्हाला जागोजागी भेटेल. माझ्या प्रपोजलमध्येही होतं. गाइडनी समासात फक्त एवढंच लिहिलं, ‘सुरुवात म्हणजे नेमकी कधी?’ मला उत्तर देता आलं नाही. या प्रश्नासाठी आजचा लेख वाचा: पेले एन आणि मॉर्टन क्युंग यांचा ‘कार्डबोर्ड कम्प्युटर्स’. ‘डिझाइन ॲट वर्क’ या 1991 च्या पुस्तकात तो आहे.

लेखात ज्या ‘युटोपिया’ प्रकल्पाचा अनुभव येतो, तो 1981 मध्ये स्कँडिनेव्हियात सुरू झाला. वर्तमानपत्रात पान लावण्याचं काम कॉम्प्युटरवर जाणार हे दिसत होतं. बाजारात येईल ती यंत्रणा घ्या किंवा नाकारा, एवढंच कामगार संघटनांच्या हाती उरायचं. म्हणून ग्राफिक कामगारांची संघटना आणि संशोधक यांनी मिळून स्वतःच पर्याय आखायला घेतला. हवी तशी यंत्रं हाताशी नव्हती. मग पुठ्ठा, कागद, स्लाइड प्रोजेक्टर! एका रिकाम्या खोक्यावर ‘डेस्कटॉप लेसर प्रिंटर’ असं लिहून ठेवलं आणि कामगारांनी त्या पुठ्ठ्यांवर खरंच पान लावून बघितलं.

हसू येतं ना? मलाही आलं होतं. मग मी एका कॉलेजच्या कार्यालयात पायलटसाठी गेले. तिथल्या क्लार्क ताईंना विचारलं, ‘नवीन सॉफ्टवेअर कसं हवं?’ त्या म्हणाल्या, ‘तुम्ही द्याल तसं.’ झाली मुलाखत. दुसऱ्या खेपेला स्क्रीन वहीच्या कागदावर काढून नेली. ताईंनी माझ्याच हातातली पेन्सिल घेतली आणि आवक क्रमांकाचा रकाना तिसऱ्या जागेवरून सगळ्यात वर नेला. खिडकीशी आलेला मुलगा पोचपावती पुढे करतो, तिच्यावर आवक क्रमांकच असतो. नावावरून शोधायचं तर एकाच आडनावाचे ढीगभर निघतात. हे मला कुठल्याही प्रश्नावलीतून मिळालं नसतं. पुठ्ठ्याची ताकद हीच: तो खोडताना कुणाला भीती वाटत नाही. लेखाचा हा भाग मला पूर्ण पटतो.

पण लेखाचा भर कार्यशाळेत काय घडलं यावर आहे. तुम्ही लिटरेचर रिव्ह्यू करताना एक पाऊल पुढे जा आणि विचारा, नंतर काय झालं? प्रकल्पाशी जोडलेली यंत्रणा स्टॉकहोमच्या ‘आफ्टोनब्लाडेट’ वर्तमानपत्रात तपासली गेली, पण बाजारात काही ती रुजली नाही. 1985 मध्ये ॲपलचा लेसररायटर आला, त्याच वर्षी ‘पेजमेकर’ही आलं. खोक्यावरचा प्रिंटर खरा झाला, पण त्याच्यासोबत पान लावणं कंपोझिटरच्या हातातून सुटून टेबलावर मॅक असलेल्या कुणाच्याही हातात गेलं. म्हणजे स्क्रीनच्या हिशेबाने हे लोक अगदी वेळेवर आले होते. ते काम कुणाकडे राहणार, हा निर्णय मात्र त्या खोलीत होतच नव्हता. पद्धत फसली असं मी म्हणत नाही. पण ‘सुरुवातीला’ हा शब्द कॅलेंडरवर मोजला तर हा फरक दिसतच नाही, आणि आपले बहुतेक पेपर तसाच मोजतात. (माझं प्रपोजलही, अर्थात.)

म्हणून आता फील्डवर्कच्या वहीत मी पहिल्या पानावर वेगळाच प्रश्न लिहिते: मी येण्याआधी काय काय ठरून गेलंय? ताईंच्या कार्यालयात हा प्रश्न मी उशिरा विचारला. सॉफ्टवेअरचा कार्यादेश माझ्या पायलटच्या आधीच निघाला होता. परवा गेले होते. आवक क्रमांक अजून तिसऱ्या रकान्यातच आहे, आणि ताईंनी माझा तो पेन्सिलचा कागद मॉनिटरच्या कडेला चिकटवून ठेवलाय.