‘द्विघटक’ या संज्ञेचा एक अपप्रयोग

संगणकीय व्यवहारातील संज्ञांची तपासणी केवळ शब्दशुद्धीसाठी करावयाची नसते. सदोष संज्ञेमुळे सदोष भरवसा उत्पन्न होतो, आणि त्याचे फळ वापरणाऱ्यास भोगावे लागते. परवलीचे शब्द सांकेतिक संग्रहात जतन करणारी ‘कीपासएक्ससी’ ही प्रणाली याचे उदाहरण म्हणून घेता येईल.

२०१७ सालच्या २.२ या आवृत्तीपासून या प्रणालीस ‘युबिकी’ हे लहानसे यंत्र जोडता येते. त्याची रीत अशी : संग्रहाच्या फाइलीत लिहिलेली एक यादृच्छिक संख्या ‘आव्हान’ म्हणून यंत्राकडे जाते, यंत्र आपल्या पोटातील गुपिताच्या साहाय्याने, ‘एचमॅक-शा-१’ या पद्धतीने, १६० बिटांचे उत्तर देते, आणि हे उत्तर मुख्य परवलीशी एकत्र होऊन संग्रहाची किल्ली सिद्ध होते. केवळ परवल चोरणाऱ्यास संग्रह उघडत नाही, हा या योजनेचा गुण निर्विवाद होय. २०१७ सालीच शा-१ चा दुबळेपणा प्रत्यक्ष सिद्ध झाला हे खरे; परंतु तो दोष एचमॅकच्या या उपयोगास बाधत नाही.

आक्षेप आहे तो नावावर. या योजनेस पुष्कळदा ‘द्विघटक पडताळणी’ म्हटले जाते. पडताळणी म्हटली की पडताळणारा हवा. ‘परवलीचा शब्द’ हा आपला जुना प्रयोगही पहारेकरी गृहीत धरतो. सांकेतिक फाइलीपाशी पहारेकरी नसतो. तेथे केवळ कुलूप आणि किल्ली. आव्हान फाइलीतच असल्याने, संग्रह पुन्हा जतन होईपर्यंत त्याचे उत्तरही तेच राहते. म्हणून फाइलीची प्रत, परवल व त्या प्रतीचे एक उत्तर ज्याच्या हाती पडले, त्यास ती प्रत यंत्रावाचून केव्हाही उघडता येते. मालकाने मागाहून परवल बदलली, तरी जुन्या प्रतीस त्याची वार्ता नसते. काटेकोर अर्थाने ही द्विघटक पडताळणी नव्हे, हे प्रणालीच्या कर्त्यांनीही स्पष्ट केले आहे.

दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. यंत्र हरवले तर पहारेकऱ्याची विनवणी करता आली असती; कुलपास विनवणी कळत नाही. यंत्रातील गुपित पुन्हा वाचता येत नाही. म्हणून ते भरतानाच दुसऱ्या यंत्रातही भरून ठेवणे अगत्याचे आहे.

तेव्हा या योजनेस ‘संयुक्त किल्ली’ म्हणावे, हे उचित. किल्ली म्हटल्यावर तिची जोडकिल्ली करून ठेवण्याचे भान मराठी माणसास निराळे शिकवावे लागत नाही.