दोन पुस्तकं, एक जोडी

आमच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोला मिळून 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती माणसावर नाही, कोयत्यावर. असाच एक कोयता २००९ साली तालुक्याच्या थेटरात रातच्या नऊच्या खेळाला 'जोगवा' बघायला गेला. म्हणजे मी आणि बायको. तिनं पोरवयात आईमागं मोळ्या बांधल्या. मी मास्तर, पुस्तकं वाचणारा.

राजीव पाटील यांच्या या सिनेमाला राजन गवसांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांचा आधार आहे, चारुता सागरांच्या 'दर्शन' कथेचाही. सुली 'चौंडकं'तली. डोक्यात जट आली की पोर देवीची झाली, असं ठरवणाऱ्या गावानं तिला यल्लम्माला सोडली. तायप्पा 'भंडारभोग'मधला. बाप्या असून त्याला लुगडं नेसवलं. दोघं दोन पुस्तकांत, आपापल्या ठिकाणी एकटे. सिनेमानं त्यांची गाठ घातली आणि प्रीत जुळवली.

तायप्पा पहिल्यांदा लुगड्यात दिसला तेव्हा पुढच्या बाकड्यांवरून शिट्ट्या आल्या. नंतर नंतर शिट्टी थांबली. उपेंद्र लिमयेची मान, चाल, खाली गेलेली नजर यांनी थेटर गप्प केलं. मुक्ता बर्वेची सुली तर बोलायच्या आधीच सगळं सांगते. एवढं श्रेय द्यायलाच हवं.

पण परतताना गाडीवर मी चिडलो होतो. म्हणलं, "पुस्तकातलं दुःख गाण्यांनी गोड केलं बघ. समाजाचा प्रश्न होता, त्याची प्रेमकथा केली."

बायको मागून म्हणाली, "एकट्याचं दुःख वाचाया तुमाला बरं वाटतं. भोगणाऱ्याला कुनीतरी लागतंच की."

मी गप्प. खरं होतं ते. ज्यांना माणूसपणच नाकारलं, त्यांना एकमेकांवर जीव लावायचा हक्क देणं ही बंडखोरीच आहे.

थोडं पुढं गेल्यावर तीच बोलली, "पर आवो, ती दोघं सुटली. उद्या त्याच गावात दुसऱ्या पोरीच्या डोक्यात जट झाली तर?"

दोस्तहो, माझ्या सगळ्या समीक्षेला हे एक वाक्य भारी पडलं. सिनेमा सांगतो, जोडी जमली की सुटका झाली. आमच्याकडं तर जोडीलाच जुंपतात. सुलीच्या देहावर देवीची मालकी, कोयत्याच्या देहावर हंगामाची. २०१९ साली इथल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याची चर्चा राज्यभर झाली. त्या बायांना नवरे होते, संसार होते. जोडीदार असून सुटका झाली नाही.

बाबासाहेबांनी १९३६ च्या जूनमध्ये मुंबईत पोतराज, वाघ्या-मुरळी, देवदासी, जोगतिणी यांची सभा घेतली. हे जिणं सोडा, असं त्यांना बजावलं. ते एका सुलीला सांगितलेलं नव्हतं, सगळ्यांना मिळून सांगितलं होतं. महाराष्ट्राचा देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा २००५ सालचा. म्हणजे त्या सभेनंतर ६९ वर्षांनी.

म्हणून 'जोगवा' जरूर बघा. जोडीनं बघा. पण आधी दोन्ही पुस्तकं वाचा. सिनेमा दोघांना गावाबाहेर काढतो आणि संपतो. पुस्तकं आपल्याला त्या गावातच ठेवतात. गाव तर तिथंच आहे.

घरी पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. बायकोनं कंदील मोठा केला आणि म्हणाली, "ते चौंडकं काढून ठेवा. उद्या मी वाचते."