आत्मचरित्रातील अध्ययन आणि 'चकवाचांदण'

मराठी आत्मचरित्राच्या समीक्षेत प्रांजळपणाचा निकष इतका रूढ झाला आहे की आत्मचरित्रकाराने काय कबूल केले आणि काय दडवले, येथेच निवडीची चर्चा बहुधा थांबते. ज्या आयुष्याचा मोठा भाग रोजच्या अभ्यासात गेला, त्याच्या बाबतीत हा निकष अपुरा पडतो. अभ्यासात दडवण्यासारखे फारसे नसते; अडचण असते ती त्याच्या घटनाशून्यतेची. कालच्यासारखाच आजचा पाठ. त्यातले आत्मचरित्रात काय यावे? मारुती चितमपल्ली यांच्या 'चकवाचांदण : एक वनोपनिषद' (2005) या ग्रंथाच्या संदर्भात हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.

आनंद यादव यांची 'झोंबी' (1987) शेजारी ठेवली तर तो अधिक स्पष्ट होतो. तेथे शिक्षण वडिलांच्या विरोधातून हिसकावून घ्यावयाचे असल्यामुळे शाळेतला साधा दिवसही संघर्षाचा प्रसंग बनतो; कथनाला लागणारा ताण आयताच मिळतो. चितमपल्लींना ही सोय नाही. कोइमतूर येथील वनशिक्षण आटोपून वनाधिकारी झालेल्या या माणसाचे विद्यार्थिपण नोकरीत वाढीस लागते, आणि त्या विद्यार्थिपणाला ना परीक्षा ना निकाल. नवेगावबांध हे त्याचे एक प्रमुख केंद्र. 1999 पर्यंत भंडारा जिल्ह्यात असलेला व आता गोंदिया जिल्ह्यात मोडणारा हा परिसर. कोहळी समाजाच्या तलाव बांधण्याच्या परंपरेतून उभा राहिलेला विस्तीर्ण जलाशय, भोवतीचे रान, आणि त्या रानाचे जाणकार माधवराव पाटील डोंगरवार. चितमपल्लींनी संस्कृतचे अध्ययन परंपरागत पद्धतीने केले. पुढे जर्मन आणि रशियन या भाषांचीही त्यात भर पडली. रानात दिसलेले वर्तन, लोकांच्या तोंडचे नाव आणि ग्रंथातला उल्लेख यांचा मेळ घालीत राहणे, असे या अध्ययनाचे स्वरूप सांगता येईल.

आत्मचरित्र लिहावयास घेताना या लेखकापुढे आणखी एक पेच होता. 'पक्षी जाय दिगंतरा' (1983) पासून 'रानवाटा', 'रातवा' आदी संग्रहांतून रानातले अनुभव आधीच छापून झाले होते. नावीन्य हा निवडीचा आधार उरला नव्हता. मात्र तोच अनुभव दुसऱ्या प्रकारात येतो तेव्हा त्याचा कर्ता बदलतो. ललित लेखात पक्षी हा विषय असतो. आत्मचरित्रात त्या पक्ष्याला ओळखावयास शिकणारा माणूस विषय होतो. पुनरुक्तीचा आक्षेप घेणाऱ्यांनी हा भेद ध्यानात घ्यावयास हवा.

'वनोपनिषद' या उपशीर्षकातच निवडीचे तत्त्व सुचवले आहे. उपनिषद म्हणजे जवळ बसणे. ज्यांच्याजवळ बसून काही मिळाले ते या ग्रंथात विस्ताराने येते. बदल्या-बढत्यांचा हिशेब केंद्रस्थानी राहत नाही. फिलिप लजन यांनी 1975 मध्ये मांडलेला आत्मचरित्रीय करार लेखक, निवेदक आणि नायक यांच्या ऐक्यावर उभा आहे. येथे ते ऐक्य शाबूत असूनही निवेदक पुष्कळदा श्रोत्याच्या जागी बसतो आणि नायकपण दुसऱ्याकडे जाते. या निवडीची किंमतही आहे. अरण्याला मिळालेला विस्तार घरसंसाराच्या वाट्याला येत नाही, आणि सतत शिकणाऱ्या माणसासाठी घरच्यांनी काय सोसले असेल, हे वाचकाला बरेचसे तर्कानेच भरून काढावे लागते. प्रांजळपणाचा जुना निकष येथे पुन्हा उपयोगी ठरतो, हे मान्य केले पाहिजे.

चितमपल्लींचा 'पक्षीकोश' (2002) या आत्मचरित्राच्या तीनच वर्षे आधीचा. कोशाच्या नोंदीत नाव टिकते. पण ते नाव कोणत्या तळ्याकाठी, कोणाच्या तोंडून, कोणत्या प्रश्नाला उत्तर म्हणून आले, याला कोशात जागा नसते. ती जागा आत्मचरित्राची. जेथे चितमपल्ली नावाबरोबर ते सांगणारा माणूसही उभा करतात, तेथे दैनंदिन अध्ययनाला घटनेची योग्यता येते. जेथे माहिती सांगणाऱ्यापासून सुटी होऊन पानेच्या पाने पसरते, तेथे कोश आत्मचरित्रात शिरतो आणि 'मी' दिसेनासा होतो. हा दोष शैलीच्या खाती टाकण्याचा मोह समीक्षेला होईल. वास्तविक तो निवडीचा आहे.